टूरिझमची पदवी आणि सोबत परदेशी भाषा: वेरूळमध्ये या जोडीचा उपयोग काय?

फ्रेंचमध्ये ‘काव्ह’ म्हणजे तळघर, त्यातही वाइन साठवायचं. स्पेलिंग इंग्रजी ‘केव्ह’चंच, अर्थ मात्र वेगळा. लेणं किंवा गुहा म्हणायचं तर शब्द आहे ‘ग्रोत’. त्यामुळे इंग्रजीच्या भरवशावर फ्रेंच बोलणारा गाइड वेरूळची ३४ लेणी दाखवायला निघाला, तर पाहुण्यांना ३४ तळघरं ऐकू येतील.

पर्यटनाच्या अभ्यासाला परदेशी भाषेची आणि संस्कृतीची जोड का द्यायची, याचं उत्तर अशा छोट्या गोष्टींत आहे.

वेरूळमध्येच हा प्रश्न का येतो?

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळमध्ये तीन धर्मांची लेणी एकाच डोंगरात आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ, दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पुढे १९९० च्या दशकापासून जपानच्या कर्जातून या भागात संवर्धन आणि पर्यटन विकासाचा प्रकल्प राबवला गेला.

म्हणजे परदेशी पाहुणा इथे नवा नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्याशी त्याच्या भाषेत कोण बोलणार? दिल्ली-मुंबईहून ग्रुपसोबत आलेला गाइड, की खुलताबाद तालुक्यातली मुलगी किंवा मुलगा?

शिकायचं कुठे?

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासन, परदेशी भाषा, पाली व बौद्ध अध्ययन आणि इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती असे वेगवेगळे विभाग आहेत. वेरूळसाठी लागणारं ज्ञान या सगळ्यांत वाटलं गेलंय.

पर्यटनाच्या अभ्यासक्रमात सहलीची आखणी, तिकिटं, हॉटेल, मार्केटिंग असे विषय असतात. भाषेच्या वर्गात व्याकरण, संभाषण आणि त्या देशातलं जगणं. दोन्ही एकदम करता येतं का? येतं. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील, तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. हे प्रवेशाआधीच तपासावं.

नुसती भाषा पुरत नाही

बौद्ध लेण्यांत अवलोकितेश्वराची शिल्पं आहेत. जपानी माणूस त्याला ‘कान्नोन’ म्हणून ओळखतो, चिनी माणूस ‘ग्वानयिन’ म्हणून. सरस्वती जपानमध्ये ‘बेन्झाइतेन’ झाली, महाकाल ‘दाइकोकुतेन’. हे माहीत असलेला गाइड पाहुण्याला त्याच्याच देवळातली ओळखीची नावं सांगू शकतो.

जर्मन पाहुण्यांच्या बाबतीत मुद्दा उलटा आहे. आपल्याकडे स्वस्तिक शुभ. जर्मनीत नाझींचं चिन्ह म्हणून त्याच्या प्रदर्शनावर कायद्याने बंदी आहे. इथल्या देवळावर, दुकानावर, गाडीवर स्वस्तिक पाहून पाहुणा दचकला, तर दोन वाक्यांत फरक समजावता यायला हवा.

जैन लेण्यांतल्या दिगंबर मूर्तींचंही तसंच. नग्नता म्हणजे इथे सर्वस्वाचा त्याग. त्यासाठी नेमका शब्द सापडला नाही, तर सगळा अर्थच बदलतो.

पदवी मिळाली की गाइड होता येतं?

नाही. वेरूळ हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात परवान्याशिवाय पैसे घेऊन पर्यटकांना फिरवता येत नाही. पदवी आणि भाषेचं सर्टिफिकेट हाताशी असलं, तरी परवान्याची पायरी वेगळी आहे.

भाषा किती यायला हवी?

फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांसाठी ‘ए१’ ते ‘सी२’ अशा सहा पातळ्या आहेत. ‘ए१’वर स्वतःची ओळख करून देता येते, रस्ता विचारता येतो. कैलास लेणं आधी कळस आणि मग पाया असं वरून खाली कोरत आणलं, हे प्रश्नोत्तरांसह समजावायला किमान ‘बी२’च्या आसपास असावं लागतं. तिथवर पोहोचायला काही वर्षं जातात. म्हणून भाषा पदवीच्या पहिल्या वर्षीच सुरू केलेली बरी.

जपानीच्या ‘जेएलपीटी’ परीक्षेत ‘एन५’ ते ‘एन१’ अशा पाच पातळ्या असतात. पण तिच्यात बोलण्याची परीक्षाच नसते. सर्टिफिकेट असूनही तोंड उघडत नाही, असं होऊ शकतं. संभाषणाचा सराव वेगळा करावा लागतो.

धोका काय?

परदेशी पाहुण्यांचा मुख्य हंगाम थंडीचा, साधारण ऑक्टोबर ते मार्च. उरलेले महिने काढायचे कसे, हा घर चालवणाऱ्याचा खरा प्रश्न. कोरोनाच्या काळात तर परदेशी पर्यटन जवळपास थांबलंच होतं. शिवाय आता मोबाइलवर भाषांतर होतं.

इथे जोड-अभ्यासाचा फायदा दिसतो. फक्त पाठ केलेली माहिती सांगणाऱ्याचं काम मोबाइल करू शकतो. पण भाषा आणि पर्यटन दोन्ही शिकलेल्याला हंगाम नसताना अनुवाद, ट्रॅव्हल कंपनी, हॉटेल, भाषेचे क्लास किंवा त्या भाषेत काम करणाऱ्या कंपन्या असे मार्ग उरतात.

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: भाषेचा कोर्स कोणत्या पातळीपर्यंत जातो, बोलण्याचा सराव किती मिळतो आणि अभ्यासक्रमात प्रत्यक्ष स्थळावरचं काम आहे का. आणि लेणी पाहायला जाणार असाल, तर मंगळवार टाळा. त्या दिवशी वेरूळ बंद असतं.