यंत्राला प्रोग्रॅम लिहायला लावणारी बेटी



आपल्या बचत गटांचे हिशोब हळूहळू मोबाईलवर येत आहेत. मोबाईलमधलं ॲप म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची लांबलचक यादी. तिला प्रोग्रॅम म्हणतात. असे प्रोग्रॅम आखणं, लिहिणं, तपासणं म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. आता हे लिहिण्याचं काम एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ताही करते. मग माणसाला काय काम उरणार, असं शिकणाऱ्या मुली विचारतात. यंत्राने प्रोग्रॅम लिहिण्याची गोष्ट मात्र सत्तर वर्षांपूर्वीची आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेटी स्नायडर कॉलेजात गेली. पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी तिला विचारलं, "घरी राहून मुलं सांभाळलीस तर बरं नाही का?" तिने गणित सोडून पत्रकारिता घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांचे हिशोब करायला माणसं कमी पडली, तेव्हा सैन्याने मुलींना कामावर घेतलं. त्यातल्या सहाजणी एनिॲक नावाच्या संगणकासाठी निवडल्या. त्यात बेटी होती.

हे यंत्र खोलीभर होतं. त्यात सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या. शिकायला पुस्तक नव्हतं. आराखडे बघून त्या शिकल्या आणि वायरी जोडून, बटणं फिरवून यंत्राला सूचना देऊ लागल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक जगाला दाखवला. त्या रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण या सहाजणींना नव्हतं.

बेटी थांबली नाही. १९५१ मध्ये तिने असा प्रोग्रॅम केला, की याद्यांची माहिती दिल्यावर त्या क्रमाने लावण्याचा दुसरा प्रोग्रॅम संगणकच तयार करी. पुढच्याच वर्षी ग्रेस हॉपर या बाईंनी तयार सूचनांचे तुकडे यंत्राकडूनच जुळवून घेतले. संगणक फक्त आकडेमोड करतो, असं तेव्हा लोक त्यांना ऐकवत. १९६० च्या सुमारास इंग्रजी शब्दांसारखी कोबोल ही भाषा आली. बँकांचे हिशोब तिच्यावर अनेक वर्षं चालले.

लिहिणं सोपं झालं, पण काम संपलं नाही, उलट वाढलं. प्रोग्रॅम मोठे झाले, उशिरा येऊ लागले, चुकू लागले. म्हणून १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथे तज्ज्ञांची परिषद भरली. नुसतं लिहून भागत नाही, आखणी आणि तपासणी हवी, यावर तिथे चर्चा झाली. परिषदेचं नावच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग होतं.

आजचा एआय माणसांनी लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम वाचून शिकलेला आहे. साध्या वाक्यात सांगितलं तरी तो प्रोग्रॅम देतो. पण तो अंदाजाने लिहितो, आणि चुकीचंही बरोबर असल्यासारखं दाखवतो.

आपलंच उदाहरण घ्या. एकीने १०,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज महिना १ टक्का. ४,००० फेडले. उरलेल्या रकमेवर व्याज ६० रुपये, मूळ रकमेवर १००. "व्याज लाव" एवढंच सांगितलं, तर यंत्र कोणता नियम धरेल? आपल्या गटाचा ठराव त्याला माहीत नसतो. तो सांगावा लागतो, आणि आलेला आकडा वहीशी पडताळावा लागतो. नाहीतर ते ४० रुपये कुणाच्या तरी पदरातून जातात.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एका कर्जाचं व्याज वहीत काढा आणि मोबाईलमधल्या आकड्याशी ताडून बघा. फरक आला, तर कोणता नियम धरला ते विचारा. मुलींनाही सोबत बसवा.