शिशूंचे निद्रा-प्रशिक्षण

शिशूंचे निद्रा-प्रशिक्षण म्हणजे तान्ह्या बाळाला पालकांच्या प्रत्यक्ष मदतीविना झोपी जाण्याची आणि रात्री जाग आल्यास आपले आपण पुन्हा झोपण्याची सवय लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्तनाधारित पद्धतींचा समूह होय. मांडीवर थोपटणे, झुलवणे किंवा अंगावर पाजत झोपवणे यांवरील बाळाचे अवलंबित्व कमी करणे हा या पद्धतींचा समान हेतू असतो. त्यांचा विकास प्रामुख्याने अमेरिका व अन्य पाश्चात्त्य देशांत झाला. साधारणतः सहा महिन्यांच्या पुढील निरोगी बाळांसाठी त्या सुचवल्या जातात. प्रशिक्षणामुळे बाळाचे रात्री जागे होणे बहुधा थांबत नाही. जाग आल्यावर ते रडून पालकांना बोलावते की नाही, यात मुख्यतः फरक पडतो.

शिशूंची झोप

नवजात बाळ चोवीस तासांत साधारणपणे १४ ते १७ तास झोपते, परंतु ही झोप दिवस आणि रात्र यांत तुकड्यातुकड्यांनी विभागलेली असते. प्रौढांचे निद्राचक्र सुमारे ९० मिनिटांचे असते, तर बाळाचे सुमारे ५० ते ६० मिनिटांचे असते. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ‘सक्रिय’ स्वरूपाची असते. या अवस्थेत बाळ हातपाय हलवते, चेहरा वेडावाकडा करते, कुरकुरतेही. दिवस-रात्रीचे जैविक चक्र जन्मतः तयार नसते. ते साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून आकार घेऊ लागते.

पहिल्या काही महिन्यांत रात्री दूध पाजणे ही बाळाची शारीरिक गरज असते. शिवाय दूधनिर्मितीस साहाय्य करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असल्याने रात्रीचे स्तनपान आईचे दूध टिकून राहण्यासही उपयुक्त ठरते.

अमेरिकी बालमनोविकारतज्ज्ञ थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात बाळांच्या झोपेचे रात्रभर चित्रीकरण करून अभ्यास केला. पालक ज्यांना ‘रात्रभर झोपणारी’ समजत, अशी बाळेही रात्रीतून जागी होतात. मात्र काही बाळे न रडता पुन्हा झोपी जातात, असे त्यातून दिसून आले. पूर्ण मुदतीच्या निरोगी बाळांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात, सहा महिन्यांच्या सुमारे ३८ टक्के आणि बारा महिन्यांच्या सुमारे २८ टक्के बाळांना सलग सहा तासांची झोप लागत नसल्याचे आढळले. म्हणजेच या वयात रात्री जाग येणे हा आजार नव्हे, तसेच ते पालकांच्या अपयशाचे लक्षणही नव्हे.

इतिहास

बाळाला शांत झोपवण्यासाठी अमली द्रव्ये देण्याची प्रथा अनेक समाजांत होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेत अफू किंवा मॉर्फिन असलेली सरबते सर्रास विकली जात. ब्रिटिश काळात मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलांना अफूयुक्त ‘बाळगोळी’ देत असत. कामाचे दीर्घ तास आणि मूल सांभाळण्याच्या सोयीचा अभाव ही त्यामागची प्रमुख कारणे होती.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या बालसंगोपनविषयक पुस्तकात नियमित वेळापत्रकाचा पुरस्कार केला. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये मुलांचे फाजील लाड करू नयेत, अशी भूमिका मांडली. १९५९ साली सी. डी. विल्यम्स यांनी २१ महिन्यांच्या एका मुलाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. झोपवून खोलीबाहेर पडल्यावर पालक परत न गेल्यामुळे पहिल्या रात्री हे मूल ४५ मिनिटे रडले, परंतु पुढे त्याचे रडणे बंद झाले. काही दिवसांनी नात्यातील एक स्त्री त्याच्या रडण्यामुळे खोलीत थांबली, तेव्हा ही सवय परतली आणि सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागली. वर्तनाला मिळणारा प्रतिसाद थांबल्यास ते वर्तन क्षीण होते, या ‘विलोपना’च्या तत्त्वाचे हे प्रसिद्ध उदाहरण मानले जाते.

बॉस्टन येथील बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ मधील पुस्तकामुळे निद्रा-प्रशिक्षणाला व्यापक प्रसिद्धी मिळाली. २००६ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी आपली पद्धत प्रत्येक निद्रासमस्येवरील उपाय नसल्याचे स्पष्ट केले.

प्रमुख पद्धती

पूर्ण विलोपन : बाळाला ठरावीक वेळी अंथरुणावर ठेवून सकाळपर्यंत रडण्याला प्रतिसाद दिला जात नाही. आजारपण किंवा धोक्याचा प्रसंग याला अपवाद असतो. सुरुवातीच्या रात्री रडणे वाढू शकते, त्यामुळे अनेक पालकांना ही पद्धत असह्य वाटते.

क्रमिक विलोपन : यालाच ‘फर्बर पद्धत’ म्हणतात. पालक वाढत्या अंतराने, उदाहरणार्थ पहिल्या रात्री ३, ५ आणि १० मिनिटांनी, बाळाजवळ जाऊन त्याला थोडक्यात धीर देतात, मात्र उचलून घेत नाहीत. पुढील रात्री हे अंतर वाढवले जाते.

पालकांच्या उपस्थितीत प्रशिक्षण : आई किंवा वडील बाळाच्या अंथरुणाजवळ बसतात आणि काही दिवसांत हळूहळू दूर सरकत जाऊन शेवटी खोलीबाहेर जातात.

झोपेची वेळ बदलणे : बाळाला प्रत्यक्षात ज्या वेळी झोप लागते, त्या वेळीच प्रथम झोपवले जाते. झोप लवकर लागू लागल्यावर ती वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे आणली जाते.

नियोजित जागवणे : बाळ नेहमी ज्या वेळी उठते, त्याच्या सुमारे १५ ते ३० मिनिटे आधी त्याला किंचित जागे करून पुन्हा झोपवले जाते आणि कालांतराने हे जागवणे कमी केले जाते.

यांखेरीज अंग पुसणे, दूध पाजणे, दिवे मंद करणे, अंगाई गाणे असा रोजचा ठरलेला क्रम पाळणे आणि बाळाला पेंगुळलेल्या परंतु जाग्या अवस्थेत अंथरुणावर ठेवणे, हे उपाय बहुतेक पद्धतींत समाविष्ट असतात.

संशोधन

अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीसाठी २००६ मध्ये करण्यात आलेल्या आढाव्यात ५२ अभ्यासांचा विचार झाला. त्यांपैकी ९४ टक्के अभ्यासांत वर्तनाधारित उपाय परिणामकारक आढळले. मात्र यांतील बरेच निष्कर्ष पालकांच्या नोंदींवर आधारित होते. कॅनडातील २३५ कुटुंबांवरील २०१५ च्या अभ्यासात पालकांच्या मते बाळांची झोप सुधारली. परंतु बाळाच्या हालचाली मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदींत जागे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच आढळले.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सात महिन्यांच्या बाळांपासून सुरू झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षणाचे मार्गदर्शन मिळालेल्या मातांमध्ये मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नैराश्याची लक्षणे तुलनेने कमी आढळली. मुले सहा वर्षांची झाल्यावर, २०१२ च्या अहवालानुसार, त्यांचे मानसिक आरोग्य, झोप व पालकांशी असलेले नाते यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. म्हणजेच दीर्घकालीन हानी आढळली नाही आणि दीर्घकालीन लाभही आढळला नाही.

आक्षेप

बाळाचे रडणे ही त्याची संवादाची भाषा असून तिला प्रतिसाद न देणे अनुचित आहे, असा प्रमुख आक्षेप घेतला जातो. आसक्ती सिद्धान्ताच्या अभ्यासक मेरी एन्सवर्थ व सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये असे मांडले, की ज्या मातांनी रडण्याला तत्परतेने प्रतिसाद दिला, त्यांची बाळे पहिल्या वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. न्यूझीलंडमध्ये २५ बाळांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात, तिसऱ्या दिवशी बाळांचे रडणे थांबले असले तरी त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावसंप्रेरकाची पातळी चढीच आढळली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उलट ऑस्ट्रेलियात ४३ बाळांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात प्रशिक्षणामुळे तणाव वाढल्याचे किंवा वर्षभरानंतर आसक्तीत बिघाड झाल्याचे दिसले नाही. दोन्ही अभ्यास लहान असल्याने त्यांवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही.

सांस्कृतिक संदर्भ

बाळाने स्वतंत्र अंथरुणावर, आपले आपण झोपावे ही अपेक्षा सार्वत्रिक नाही. भारतासह १७ देशांतील २९,२८७ बालकांविषयीच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, प्रामुख्याने आशियाई देशांतील मुले उशिरा झोपतात आणि बहुधा पालकांच्याच खोलीत किंवा अंथरुणावर झोपतात, असे आढळले. महाराष्ट्रात आईच्या कुशीत, पाळण्यात किंवा जुन्या साडीच्या झोळीत बाळाला झोपवण्याची रीत रूढ आहे. एकत्र कुटुंबात आजी किंवा अन्य नातेवाईक बाळाला सांभाळत असल्याने आईला दिवसा विश्रांती मिळू शकते. विभक्त कुटुंबांत, तसेच परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत हा आधार अनेकदा उपलब्ध नसतो. एकाच खोलीत सर्व कुटुंब झोपत असल्यास बाळाला रडू देण्याच्या पद्धती व्यवहारतः कठीण ठरतात. तेथे ठरलेला क्रम व पालकांच्या उपस्थितीतील पद्धती अधिक सोयीच्या असतात. घरातील मोठ्या माणसांत एकवाक्यता नसल्यास कोणतीही पद्धत टिकत नाही.

सुरक्षितता आणि वैद्यकीय सल्ला

बाळाला प्रत्येक झोपेसाठी पाठीवर, सपाट व टणक पृष्ठभागावर झोपवावे आणि अंथरुणात उशी, जाड दुलई किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, अशी अमेरिकी बालरोग अकादमीची शिफारस आहे. किमान पहिले सहा महिने बाळाला पालकांच्या खोलीत, परंतु स्वतंत्र अंथरुणावर झोपवावे, असेही ही संस्था सुचवते. पालकाने मद्य किंवा गुंगी आणणारे औषध घेतले असल्यास, पालक धूम्रपान करत असल्यास, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असल्यास एकाच अंथरुणावर झोपणे विशेष धोक्याचे असते. बाळासह सोफ्यावर झोपणेही तितकेच धोक्याचे मानले जाते. झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होण्याचा संभव असतो.

ताप, धाप लागणे, दूध न ओढणे, वजन न वाढणे, सतत घोरणे किंवा नेहमीपेक्षा वेगळे, न थांबणारे रडणे आढळल्यास प्रशिक्षण न करता डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याची किंवा गुंगीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना देणे घातक ठरू शकते. जागरणाने पालकांचा संयम सुटल्यास बाळाला कधीही जोराने हलवू नये. त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवू शकतो. अशा वेळी बाळाला सुरक्षित जागी ठेवून काही मिनिटे दूर जाणे किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या हाती सोपवणे योग्य मानले जाते. आईला सतत उदास वाटणे किंवा बाळ झोपले असतानाही झोप न लागणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात व त्यांवर उपचार उपलब्ध आहेत.