स्वप्न कीं देश? — ‘ऑझ’चा बोलपट आणि त्याचे प्रेक्षक

आवडत्या पुस्तकाचा बोलपट निघाला कीं तो पाहून बाहेर पडणाऱ्या वाचकाची तक्रार ठरलेली असते : मूळ पुस्तकांत असें नव्हतें. टीकाकार या तक्रारीकडे बहुधा हंसून पाहतात. पुस्तक आणि बोलपट या भिन्न कला आहेत, एकीचे नियम दुसरीस लावूं नयेत, असें सांगून ते मोकळे होतात. आणि महाविद्यालयाच्या वर्गांत आम्ही प्राध्यापक मंडळीहि हेंच सांगत आलों आहों. सिद्धान्त म्हणून तें खोटें नाहीं. परंतु वाचकाची प्रत्येक तक्रार सारख्याच योग्यतेची नसते. कांहीं फेरफार तो घरीं पोंचेपर्यंत विसरतो. कांहीं फेरफारांबद्दल मात्र त्याचीं नातवंडेंहि भांडत राहतात. असें कां होतें हें पाहावयाचें असल्यास अमेरिकेंत १९३९ सालीं निघालेल्या ‘दि विझर्ड ऑफ ऑझ’ या बोलपटाच्या इतिहासासारखें दुसरें साधन नाहीं.

लायमन फ्रँक बाऊम याचें ‘दि वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ हें पुस्तक १९०० सालीं शिकागो येथें प्रसिद्ध झालें. कॅन्सस प्रांताच्या रुक्ष माळावर काका-काकूंजवळ राहणारी डॉरथी नांवाची पोरकी मुलगी चक्रीवादळांत घरासकट उडून ऑझ नांवाच्या देशांत जाऊन पडते. तेथें बुजगावणें, पत्र्याचा लांकूडतोड्या आणि भित्रा सिंह हे सोबती तिला मिळतात. आणि अनेक संकटांतून पार पडून ती घरीं परत येते, एवढीच गोष्ट. जुन्या परीकथांतील दुःख आणि भय गाळून केवळ आनंद देणारी नव्या काळाची परीकथा आपणांस लिहावयाची आहे, अशी प्रतिज्ञा बाऊमनें प्रस्तावनेंत केली होती. ती पुढें कशी उलटली हें यथाक्रम येईलच. तूर्त गोष्टीच्या अखेरीचा एक बारीकसा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. डॉरथी परत येते तेव्हां तिच्या समोर असतें तें काकानें बांधलेलें नवें घर. कारण जुनें घर वादळानें खरोखरच उडवून नेलेलें असतें. जे रुपेरी जोडे घालून ती आली, ते वाटेंत वाळवंटावर गळून पडलेले असतात. तात्पर्य, प्रवास खरा होता आणि देशहि खरा होता.

लहान वाचकांनीं तो तसा मानला. त्यांच्या पत्रांच्या आग्रहामुळें बाऊमला पुढचीं पुस्तकें लिहीत बसावें लागलें. अखेर १९१० सालच्या ‘दि एमरल्ड सिटी ऑफ ऑझ’ या सहाव्या पुस्तकांत त्यानें डॉरथीला काका-काकूंसह कायमचें ऑझमध्यें नेऊन ठेविलें, आणि तो देश आतां जगाच्या दृष्टीआड झाला असून तेथील वार्ता यापुढें मिळणार नाहीं, असें जाहीर करून टाकलें. दुसरा लेखक असता तर गोष्ट संपली म्हणाला असता. बाऊमला मात्र ‘मार्ग बंद झाला’ असें सांगावें लागलें. तेंहि कोणी ऐकलें नाहीं. बिनतारी तारायंत्रानें ऑझशीं बोलतां येणार नाहीं काय, असें एका मुलानें विचारल्याचें बाऊम स्वतःच सांगतो. आणि १९१३ सालीं ती युक्ति पत्करून त्यानें पुन्हा लेखणी उचलली. त्याच्या हातून या मालेंत चौदा पुस्तकें झालीं. १९१९ सालीं तो वारला, त्यानंतर रूथ प्लम्ली टॉम्सन या लेखिकेनें १९३९ पर्यंत आणखी एकोणीस लिहिलीं. बोलपट आला तेव्हां अमेरिकेंतील घरोघरच्या मुलांच्या दृष्टीनें ऑझ हा असा चालता-बोलता देश होता.

आतां, हे वाचक शब्दाशब्दाला चिकटून बसणारे होते असें कोणी समजूं नये. खुद्द बाऊमलाच आपल्या पुस्तकाविषयीं सोंवळेपणा नव्हता. १९०२ सालीं शिकागोच्या रंगभूमीवर आणि १९०३ सालीं न्यूयॉर्कमध्यें या गोष्टीचें संगीत रूपान्तर आलें, त्यांत डॉरथीच्या टोटो नांवाच्या कुत्र्याच्या जागीं चक्क एक गाय होती, आणि पश्चिमेची चेटकीण तर समूळ गाळलेली होती. अफूच्या फुलांच्या मळ्यांत गुंगून पडलेल्या सिंहाला पुस्तकांत उंदीर ओढून बाहेर काढतात. नाटकांत बर्फ पाडून फुलांचा प्रभाव नाहींसा केला आहे. नाटक तुफान चाललें. १९३९ च्या बोलपटांत हाच बर्फ पडतो. म्हणजे ज्याला आज बोलपटाचा फेरफार म्हणतात तो मुळांत बाऊमच्या हयातींतल्या रंगभूमीवरचा आहे. मधल्या काळांत निघालेल्या मूकपटांविषयीं येथें लिहिण्यासारखें विशेष नाहीं. १९१४ सालीं बाऊमनें स्वतः काढलेली चित्रसंस्था अल्पकाळांतच बुडाली.

डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’नें १९३८ सालीं गल्ला भरला तेव्हां मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीला ऑझची आठवण झाली. पटकथेचें काम नोएल लँग्ले प्रभृति लेखकांकडे आलें. रंगीत फिल्मवर रुपेरी रंग खुलत नाहीं म्हणून जोडे माणकांचे लाल झाले. पुस्तकांतील चिमुकल्या डॉरथीच्या जागीं सोळा वर्षांची ज्युडी गार्लंड आली. पुस्तकांत थोडींच प्रकरणें अडविणारी चेटकीण हिरव्या तोंडानें सबंध बोलपट व्यापून बसली. हें सर्व एक वेळ चालण्यासारखें होतें. परंतु कंपनीला भीति होती ती निराळीच : परीराज्य खरें आहे असें प्रौढ प्रेक्षकाला सांगितलें तर तो मुळींच मानणार नाहीं. म्हणून शेतावरचे तीन गडी हेच ऑझमधील तीन सोबती, शेजारची खाष्ट बाई हीच चेटकीण, आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या मुलीनें बिछान्यावर पाहिलेलें स्वप्न म्हणजे ऑझ, अशी व्यवस्था लावण्यांत आली. त्यामुळें घर उडालेंच नाहीं आणि नवें घर बांधण्याचें कारणहि उरलें नाहीं.

१५ ऑगस्ट १९३९ रोजीं हॉलिवुडमध्यें पहिला खेळ झाला. बाऊमची वृद्ध विधवा मॉड त्याला हजर होती. दोन दिवसांनीं न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल चित्रगृहावर गर्दी लोटली, तिचें थोडें श्रेय पडद्यापुढें प्रत्यक्ष गाणाऱ्या ज्युडी गार्लंड व मिकी रूनी यांनाहि द्यावें लागेल. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षकानें मोकळ्या मनानें स्तुति केली, ‘न्यूयॉर्कर’ व ‘न्यू रिपब्लिक’ यांच्या परीक्षकांनीं बोलपटांत कल्पकतेचा लेशहि नाहीं अशा अर्थाचा कडक अभिप्राय दिला. इंग्लंडांत परीक्षण मंडळानें तो लहान मुलांना भीतिदायक ठरवून, वडील माणूस सोबत असेल तरच मुलांना प्रवेश मिळेल असा दाखला दिला, आणि ग्रॅहॅम ग्रीननें त्याबद्दल मंडळाची रेवडी उडविली. ज्या गोष्टींतून भय वगळण्याची प्रतिज्ञा होती तिची ही गत! बोलपटावर सुमारे २७ लाख डॉलर खर्च झाले होते. प्रेक्षक पुष्कळ आले, पण त्यांत अर्ध्या तिकिटाचीं मुलें फार. प्रती काढण्याचा व वितरणाचा खर्च धरतां पहिल्या खेपेस कंपनीला सुमारे ११ लाखांची खोट आली. नफा दिसला तो १९४९ सालच्या पुनःप्रदर्शनानंतर.

पुस्तकाच्या वाचकांनीं जोड्यांचा रंग सोडून दिला, बर्फहि सोडून दिला. स्वप्न मात्र त्यांना सोडवेना. माझ्या मतें त्यांचें म्हणणें बरोबर होतें. इतर फेरफार गोष्टीच्या आंतले आहेत. हा फेरफार गोष्टीवरच्या विश्वासाला हात घालतो. दीड तास ज्या मुलानें श्वास रोखून पाहिलें त्याला शेवटीं ‘बाळ, तें कांहीं खरें नव्हतें’ असें सांगणें हा वडीलधाऱ्या मंडळींचा आगाऊपणा आहे. त्यांतहि मौज अशी कीं, बोलपट स्वतःच या शेवटाविरुद्ध साक्ष देतो. कॅन्ससचीं दृश्यें तपकिरी छायेंत आणि ऑझचीं झळझळीत रंगांत दाखविलीं आहेत. यांतलें खरें कोणतें असें डोळ्यांना विचारलें तर ते पटकथाकाराचें उत्तर देणार नाहींत.

यानंतर जें घडलें तें अधिक विलक्षण आहे. ३ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा बोलपट अमेरिकेंत प्रथमच दूरदर्शनवर दाखविला गेला; अंदाजे साडेचार कोटि लोकांनीं तो पाहिला असें सांगतात. १९५९ पासून तो दरवर्षीं दाखविण्याचा परिपाठ पडला आणि सणासारखी त्याची वाट पाहिली जाऊं लागली. त्या काळीं बहुतेक घरांतील यंत्रें कृष्णधवल होतीं, म्हणजे कित्येक मुलांनीं ऑझचे रंग न पाहतांच ऑझवर प्रेम केलें. पुस्तकाची निष्ठा जागी ठेवणारेहि होते. १९५७ सालीं तेरा वर्षांच्या एका मुलानें ऑझप्रेमी वाचकांचा आंतरराष्ट्रीय मेळा स्थापन केला. पण बहुसंख्य लोकांच्या मनांत आतां मूळ ग्रंथाची जागा बोलपटानें घेतली होती.

याचा पुरावा १९८५ सालीं मिळाला. डिस्ने कंपनीनें ‘रिटर्न टु ऑझ’ नांवाचा चित्रपट काढला, तो बाऊमच्या दुसऱ्या व तिसऱ्या पुस्तकांवर आधारलेला होता. डॉरथी त्यांत खरोखरीची लहान मुलगी होती, गाणीं नव्हतीं, आणि ऑझचें रूप पुस्तकाच्या पुष्कळ जवळ जाणारें होतें. पुस्तकाचे भक्त हरखले. बाकीचे प्रेक्षक घाबरले, रुसले, आणि ‘मूळांत असें नव्हतें’ हीच जुनी तक्रार त्यांनीं केली. परंतु मूळ म्हणजे त्यांच्या लेखीं १९३९ चा बोलपट! चित्रपट पार कोसळला. त्यांतले जोडे मात्र लालच होते. बाऊमचे रुपेरी जोडे फुकट वापरतां आले असते. पण लोकांना लालच जोडे ओळखूं येतील म्हणून डिस्नेनें त्यांच्यासाठीं मेट्रो कंपनीला पैसे मोजले. २०२४ सालीं गाजलेल्या ‘विकेड’ या चित्रपटांतील चेटकिणीचा हिरवा रंगहि असाच बोलपटाकडून आलेला आहे, बाऊमकडून नव्हे.

जें लहानपणीं प्रथम भेटलें तें मूळ, असा प्रेक्षकांचा हिशेब दिसतो, आणि तो बदलणें कोणाच्या हातीं नाहीं. पण स्वप्नाची तक्रार मात्र या हिशेबांत बसत नाहीं, कारण बोलपटावरच वाढलेल्या माणसांनींहि ती केली आहे. त्यांतला एक मुंबईचा आहे. सलमान रश्दीनें दहा वर्षांचा असतांना मुंबईंत हा बोलपट पाहिला आणि आपली पहिली गोष्ट लिहिली. तिचें नांवहि त्यानें बोलपटांतील गाण्यावरून ठेवलें. पुढें १९९२ सालीं या बोलपटावर त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बोलपटाची ती मुक्त कंठानें स्तुति करते; भांडते ती शेवटाशीं, घरासारखें ठिकाण नाहीं या उपदेशाशीं. आणि त्या भांडणांत रश्दीनें साक्षीला काढलें आहे तें बाऊमचें तेंच सहावें पुस्तक, ज्यांत डॉरथी काका-काकूंना घेऊन ऑझमध्यें कायमची राहावयास जाते.