लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया किंवा बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया ही जठर व लहान आतड्याच्या रचनेत बदल करून तीव्र स्थूलतेवर केली जाणारी उपचारपद्धती आहे.

प्रकार

* स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : जठराचा सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून अरुंद नळी शिल्लक ठेवतात. त्यामुळे भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही घटते.
* गॅस्ट्रिक बायपास : जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. उर्वरित जठर व आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नमार्गातून वगळला जातो. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ही पद्धत सुरू केली.
* गॅस्ट्रिक बँड : जठराभोवती सैल-घट्ट करता येणारा सिलिकॉनचा पट्टा बसवतात, तो काढताही येतो.

दीर्घकालीन परिणाम

बायपासनंतर लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. त्यामुळे पूरक औषधे व नियमित रक्ततपासणी आयुष्यभर आवश्यक असते. आहारनियम न पाळल्यास वजन पुन्हा वाढू शकते.