कोरटकर, केशवराव

(1867 – 21 मे 1932). हैदराबाद संस्थानातील नामांकित वकील, तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आर्यसमाजाचे पुढारी आणि शिक्षणकार्यकर्ते. जन्म वसमत तालुक्यातील पुरजळ या गावी. नांदेडच्या शेजारचा हा तालुका त्या काळी परभणी जिल्ह्यात होता. 1999 पासून तो हिंगोलीत मोडतो.

केशवरावांच्या जन्माच्या सुमारास संस्थानात राज्यकारभाराची घडी बसू लागली होती. संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी (म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी) केली, सारावसुलीची मक्तेदारी मोडून पगारी तालुकदार नेमले. मात्र वसूल करणारा तालुकदारच न्यायनिवाडाही करी. सारा थकला म्हणून ज्याच्यापुढे हात जोडायचे, दादही त्याच्याकडेच मागायची, अशी रयतेची गत होती. 1880 च्या दशकात दरबारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली. नांदेडच्या किंवा लातूरच्या मराठी पक्षकाराला त्याने फरक पडला नाही. त्याची कैफियत परक्या भाषेतच लिहिली जायची, आणि अपील शेवटी हैदराबादच्या अदालत-ए-आलियात, म्हणजे उच्च न्यायालयात, जायचे. पक्षकार आणि अदालत यांच्यामध्ये उभा राहणारा, दोन्ही भाषा जाणणारा वकील गावोगाव मोठा माणूस ठरला, तो यामुळे.

केशवरावांनी वकिलीची सुरुवात गुलबर्ग्यात केली आणि नंतर हैदराबाद गाठले. तेथे वकिलीत नाव झाल्यावर त्यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. मुसी नदीकाठची त्या न्यायालयाची घुमटदार इमारत 1920 मध्ये खुली झाली. 1921 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी महसूल व न्याय ही खाती वेगळी केली. ब्रिटिश मुलखातले पुढारी ही मागणी वर्षानुवर्षे करत होते, आणि ती आधी पुरी झाली एका संस्थानात. राज्यकर्त्याच्या मर्जीवर सगळे चालत असताना ही सुधारणा किती खोल रुजली, हा प्रश्न उरतोच.

केशवरावांचे खरे काम मात्र न्यायासनाबाहेरचे म्हणावे लागेल. वामन नाईक आणि डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय या हैदराबादेतील सुधारकांबरोबर ते सामाजिक व राजकीय सुधारणांसाठी झटले. सुलतान बाजारातील आर्यसमाजाचे ते अध्यक्ष होते. हा भाग 1933 पर्यंत ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत असल्याने तिथे सभा-संस्थांना थोडी मोकळीक मिळे. हैदराबादची विवेकवर्धिनी पाठशाळा (1907) उभी करणाऱ्यांत ते होते. त्याच वर्षी निघालेल्या गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयाशीही त्यांचा संबंध होता. सरकारी शिक्षण उर्दूतून मिळत असताना मराठी मुलांना मातृभाषेची शाळा देणे हे अर्ज-विनंत्यांपेक्षा टिकाऊ राजकारण ठरले.

या विवेकवर्धिनीच्याच नाट्यगृहात नोव्हेंबर 1921 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. आलमपल्ली व्यंकटरामाराव तेलुगूत बोलू लागले तेव्हा मात्र हुर्यो उडवली गेली. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगोलग आंध्र जनसंघाची स्थापना केली, आणि त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. उर्दूच्या वर्चस्वाने गांजलेल्या मराठी मंडळींच्या वास्तूत हे घडले. मराठी चरित्रलेखनात हा प्रसंग सहसा येत नाही. तो यायला हवा.

त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार हे कांगडी गुरुकुलाचे स्नातक व बॅरिस्टर. तेही आर्यसमाजाचे नेते होते. संस्थान भारतात विलीन झाल्यावर मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री होते. केशवरावांच्या नावाने 1940 मध्ये सुरू झालेली केशव स्मारक ही शिक्षणसंस्था हैदराबादच्या नारायणगुडा भागात आहे.