ग्नोम नेमके कोणासाठी?

लिनक्सवरील 'ग्नोम' या डेस्कटॉपचा जन्म परवान्याच्या वादातून झाला. त्याआधी १९९६ मध्ये सुरू झालेला 'केडीई' हा डेस्कटॉप खिडक्या-बटणे रचण्याच्या 'क्यूटी' या संचावर उभा होता आणि क्यूटीचा तेव्हाचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीला उतरत नव्हता. म्हणून मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन प्रोग्रामरांनी ऑगस्ट १९९७ मध्ये पूर्णपणे मुक्त असा पर्याय उभारायला घेतला. चित्रसंपादनाच्या 'गिंप' या प्रोग्रामसाठी तयार झालेला 'जीटीके' हा संच त्यांनी पायाला घेतला. मार्च १९९९ मध्ये ग्नोमची पहिली आवृत्ती आली.

या काळात सॉफ्टवेअर लिहिणारे आणि वापरणारे बहुधा एकच होते. ज्याला जे हवे ते त्याने लिहावे आणि मतभेद झाला तर आणखी एक सेटिंग वाढवावी, अशी रीत पडली. २००० मध्ये दोन गोष्टी बदलल्या. क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आल्याने ग्नोमचे मूळ प्रयोजनच उरले नाही. त्याच वर्षी ग्नोम फाउंडेशन स्थापन झाले आणि सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपन्या प्रकल्पात उतरल्या. त्यांना हा डेस्कटॉप कार्यालयातील सामान्य कर्मचाऱ्यांपुढे ठेवायचा होता.

सनने २००१ मध्ये नवख्या माणसांना ग्नोमसमोर बसवून वापरसुलभतेची चाचणी घेतली. त्यापाठोपाठ पडद्यावरच्या रचनेचे लेखी नियम ठरले आणि जून २००२ मध्ये ग्नोम २.० आले. प्रत्येक सेटिंगची किंमत मोजावी लागते, असे ग्नोमचे प्रोग्रामर हॅवॉक पेनिंग्टन यांनी त्याच वर्षी मांडले: चाचण्या वाढतात, दोष लपतात आणि वापरणारा गोंधळतो. खिडक्या हाताळणाऱ्या 'सॉफिश'मध्ये हवे ते बदलता येत असे. त्याच्या जागी पेनिंग्टन यांचे मोजक्याच सेटिंगचे 'मेटासिटी' आले. जुने जाणकार नाराज झाले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लोकांना उघडपणे केडीई वापरण्याचा सल्ला दिला. दुसरीकडे ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या उबुंटू या लिनक्स वितरणाने ग्नोमच निवडले आणि ते असंख्य नव्या लोकांपर्यंत पोहोचले.

याहून मोठा संघर्ष ६ एप्रिल २०११ रोजी आलेल्या ग्नोम ३.० मुळे उद्भवला. खालची कामपट्टी गेली. खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही गेली. संगणक बंद करण्याचा पर्याय तर मेन्यूत दिसेनाच. ऑल्ट कळ दाबून धरली की 'सस्पेंड'च्या जागी तो उमटे. लक्ष विचलित न करणारा, नव्या पिढीचा डेस्कटॉप घडवणे हा रचनाकारांचा हेतू होता. मात्र जवळपास नऊ वर्षे ग्नोम २ वर हात बसलेल्यांना घडी विस्कटल्यासारखे वाटले. टोरवाल्ड्स 'एक्सएफसीई' या दुसऱ्या डेस्कटॉपकडे वळले. उबुंटूने 'युनिटी' हा स्वतःचा चेहरा पुढे आणला. ग्नोम २ चा कोड घेऊन 'माटे' निघाले, तर लिनक्स मिंट या वितरणाने ग्नोम ३ च्याच पायावर 'सिनॅमन' उभारले.

ग्नोमने दिशा सोडली नाही, काही बाबतींत माघार मात्र घेतली. २०१२ च्या ३.६ आवृत्तीत संगणक बंद करण्याचा पर्याय पुन्हा उघड दिसू लागला. २०१३ च्या ३.८ मध्ये जुन्या वळणाची 'क्लासिक' मांडणी आली आणि रेड हॅट कंपनीने पुढच्या वर्षी कंपन्यांसाठीच्या आपल्या लिनक्समध्ये तीच मूळ मांडणी म्हणून दिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटूही युनिटी सोडून ग्नोमकडे परतले.

आपला वापरकर्ता कोण हे ठरवणाऱ्या प्रकल्पावर काही जुनी माणसे गमावण्याची पाळी येतेच. ओपन सोर्समध्ये अशा माणसांना तक्रारीपलीकडचा मार्गही असतो. परवान्याने दिलेल्या हक्काच्या बळावर माटे आणि सिनॅमन आजही चालू आहेत.