हौशी कुणाला म्हणायचं? सायकल शर्यतीच्या निमित्ताने

2017 च्या जूनमध्ये अमेरिकेत एक सायकल शर्यत झाली. पहिला आला ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ स्ट्रासर, 8 दिवस 9 तास 34 मिनिटांत. त्याचा सत्कार झाला, तो जेवला, झोपला, उठला, आणि तरी शर्यत चालूच होती. तो पोचल्यावर 3 दिवस 9 तासांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ पोचले. लष्करातले डॉक्टर, तेव्हा नाशिकला. नंबर सातवा, वेळ 11 दिवस 18 तास 45 मिनिटं. त्यांच्या मागे अडीच तासांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ, 11 दिवस 21 तास 11 मिनिटं.

शर्यतीचं नाव रेस अक्रॉस अमेरिका, सायकलवाल्यांच्या बोलण्यात नुसतं ‘रॅम’. त्या वर्षी ती पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या ॲनापोलिसपर्यंत होती, सुमारे 4,900 किलोमीटर. एकट्याने भाग घेणाऱ्या पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला मुदत 12 दिवस. त्यात पोचलात तर तुम्ही शर्यत पूर्ण केली, नाहीतर यादीत नावापुढे तशी नोंद लागते आणि विषय संपतो. त्या वर्षीपर्यंत एकट्याने ही शर्यत कुणाही भारतीयाने पूर्ण केली नव्हती. हे दोघे पहिले.

आता हिशोब आपल्या भाषेत करू. 12 दिवसांत 4,900 म्हणजे रोज चारशेच्या वर. विठ्ठलवाडीहून नाशिक सुमारे 140 किलोमीटर. म्हणजे सकाळी निघा, कसारा घाट चढून नाशिकला जा, परत घरी या, आणि चहा पिऊन पुन्हा नाशिकला जा. हे एका दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशीही तेच, बारा दिवस. स्ट्रासर त्याच चोवीस तासांत नाशिकच्या चार खेपा मारत होता. वर रस्ता सपाट नाही. वाटेतले सगळे चढ एकत्र केले तर पाच एव्हरेस्ट भरूनही उरतो.

माझ्या मते इथे खरी मौज आहे. क्रिकेटमध्ये तुम्ही-आम्ही कितीही हौशी असलो तरी बुमराहसमोर बॅट घेऊन उभं राहायला कुणी सोडणार नाही. कुस्तीत गावचा पैलवान महाराष्ट्र केसरीशी तालमीत फार तर सराव करेल. पण लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत दवाखाना सांभाळणारा डॉक्टर आणि याच कामावर जगणारा जगज्जेता एकाच रेषेवरून, एकाच दिवशी निघू शकतात. दोघांना रस्ता तोच, ऊन तेच, वारा तोच. फरक इतकाच की पहिल्या काही तासांतच तो दिसेनासा होतो, आणि पुढचे अकरा दिवस तुमची शर्यत त्याच्याशी नसते, घड्याळाशी असते.

घड्याळही दयाळू नाही. सुरुवातीलाच कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचं वाळवंट, पारा चाळिशीच्या पार. नागपूरकराला उन्हाचं कौतुक नसेल, पण वाळवंट संपता संपता रॉकी पर्वत लागतो आणि तीन हजार मीटरच्या वर थंडीत चढावं लागतं. मग कॅन्ससचं सपाट मैदान. तिथे चढ नाही, पण आडवा वारा आहे. आणि अंग पार मोडल्यावर, शेवटी शेवटी, ॲपलेशियनचे छोटे पण उभे चढ. झोप दिवसाला जेमतेम काही तास. 1983 साली मायकल शेर्मर नावाच्या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके निकामी झाले की डोकं वर धरता येईना. त्या त्रासाला आजही ‘शेर्मर्स नेक’ म्हणतात, आणि लोक हनुवटीखाली आधार बांधून पुढे जातात.

मोठ्यांची अवस्था वेगळी असते असंही नाही. स्लोव्हेनियाचा यूरे रोबिच, सैन्यातला माणूस, रॅम पाच वेळा जिंकला. झोपेअभावी त्याला भास व्हायचे. शत्रू पाठीमागे लागलेत असं वाटायचं, आणि रस्त्याकडेच्या टपालपेट्यांशी भांडायला तो सायकलवरून उतरायचा. 2010 साली पाचवी शर्यत जिंकल्यावर काही महिन्यांतच, सराव करताना मोटारीला धडकून तो गेला. जगातला सर्वांत कणखर सायकलपटू शर्यतीत नाही, साध्या रस्त्यावर गेला. आपल्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गोकुलनाथही पहिल्या फटक्यात पोचलेले नाहीत. 2016 साली त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. त्यांच्याही आधी, 2015 साली, नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, दोघांच्या संघाने रॅम 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पूर्ण केली होती. संघांना मुदत 9 दिवसांची. एक भाऊ भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. आणि 2019 साली नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे एकट्याने पोचले, 11 दिवस 22 तास 43 मिनिटांत. म्हणजे मुदत संपायला 1 तास 17 मिनिटं बाकी. विठ्ठलवाडीहून सीएसएमटीला लोकलने जायला साधारण लागतो तेवढाच वेळ. बारा दिवसांत एवढाच हातात उरला होता.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर, वकील. यात त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या जिद्दीला सलामच आहे. पण मला त्यावरून ‘हौशी’ या शब्दाचा इतिहास आठवला.

आपल्याकडे हौशी म्हटलं की राज्य नाट्य स्पर्धा आठवते. दिवसभर बँकेत खर्डेघाशी करून रात्री तालमीला येणारा तो हौशी, नाटकावर पोट भरणारा तो व्यावसायिक. सरळ फरक आहे. इंग्लंडमध्ये मात्र तो इतका सरळ नव्हता. 1860 च्या दशकात लंडनमध्ये ॲमेच्युअर ॲथलेटिक क्लब निघाला. त्यांच्या व्याख्येत बक्षिसाच्या पैशासाठी खेळणारा तर बाद होताच, पण कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर हेही बाद होते. म्हणजे तुम्ही खेळातून एक पैसा कमावला नसला तरी हाताने काम करून पोट भरत असाल तर हौशी नाही. कारण काय, तर अंगमेहनतीने तुमचं शरीर आधीच कमावलेलं, आणि साहेबांच्या पोरांवर तो अन्याय! 1880 साली नवी संघटना आली तेव्हा हे कलम काढलं गेलं. पण शब्दाला लागलेला वास इतक्यात जात नाही.

सायकलने हा बंदोबस्त मोडायला बरीच मदत केली. 1903 ची पहिली तूर द फ्रान्स जिंकणारा मोरिस गारँ लहानपणी धुराडी साफ करायचा. त्या शर्यतीत पुढे कितीतरी वर्षं संघाशिवाय, स्वतःच्या खर्चाने उतरणारे लोक असायचे. दिवसभर मोठमोठ्या नावांच्या मागे तेच अंतर कापायचं आणि रात्री राहण्याजेवण्याची सोय आपली आपण शोधायची. त्यांच्यातला ज्यूल डलोफ्र टप्पा संपल्यावर लोकांसमोर कसरती करून टोपी फिरवायचा आणि त्या पैशांवर मुक्कामाचा खर्च भागवायचा असं सांगतात. 1937 नंतर ही मंडळी शर्यतीतून गेली.

उलटा प्रवास पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा. 1891 साली एका वर्तमानपत्राने ही सुमारे 1,200 किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ 71 तास 22 मिनिटांत पहिला आला, जवळजवळ न झोपता. त्याच्या मागून साधी माणसं कित्येक दिवस येतच होती. 1931 पासून हौशी लोकांसाठी वेगळा गट झाला. 1951 नंतर व्यावसायिकांची शर्यत बंदच पडली, पण हौशी लोक आजही दर चार वर्षांनी ती करतात, मुदत 90 तास. मोठे निघून गेले आणि घर भाडेकरूंच्या नावावर झालं, तशातला प्रकार.

आपल्याकडे आता जे ‘बीआरएम’ म्हणून चालतं ते तिथूनच आलं. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. नंबर नाही. पहिल्या आलेल्याला आणि शेवटच्या मिनिटाला आलेल्याला प्रमाणपत्र एकच. तिथून पुढची पायरी म्हणजे पुणे ते गोवा 643 किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर. ती ठरल्या वेळेत केली तर रॅमला जायची पात्रता मिळते. दार उघडं आहे, म्हणा ना. फक्त आत जायला लागतं काय ते बघा. चांगली सायकल, अमेरिकेचा व्हिसा आणि विमान, मागून चालणाऱ्या गाड्या, आठ-दहा जणांची मदतनीस टोळी, दोन-तीन आठवड्यांची रजा आणि सरावासाठी वर्षभराच्या पहाटा. खर्च लाखांत जातो. मुदत सगळ्यांना सारखी, पण सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचण्याची ऐपत सारखी नाही. दीडशे वर्षांपूर्वी मजुराला नियमाने बाहेर ठेवलं होतं. आता नियम नाही, बिल आहे.

आणि आपल्याकडे सायकल खरी चालवली ती कुणी? ऑलिम्पिकला भारताचे सायकलपटू पहिल्यांदा 1948 साली लंडनला गेले. अदी हवेवाला, जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज. संघात पारशी मंडळींचा भरणा होता. पदक नाही, पण युरोपातल्या मुरलेल्या सायकलपटूंबरोबर ते ट्रॅकवर उतरले. ती एक बाजू. दुसरी बाजू रस्त्यावरची: दूधवाले, पेपरवाले, पाववाले, डबेवाले, आणि कारखान्याच्या भोंग्याला धावणारे कामगार. शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथची विमको आणि ऑर्डनन्स फॅक्टरी. एकेकाळी पाळी सुटली की या भागात सायकलींचा लोंढा यायचा. त्या माणसांनी वर्षाकाठी कापलेलं अंतर कुठल्या यादीत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि खंडाळ्याच्या चढावरचा ‘घाटाचा राजा’ हा किताब लोकांना आपला वाटला, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. ज्या सायकलवर बाप कामावर जातो, त्याच जातीच्या वाहनावर कुणीतरी राजा होतो.

आज सर्वांत जास्त पेडल मारणारी पोरं आपल्याच गल्लीत आहेत. कुणी सायकलवर डिलिव्हरी करतं, कुणी पहाटे चार वाजता पेपर टाकतं. हौशी गटात त्यांना बोलवायचं तर अमेरिका लागत नाही. वर्षातून एक रविवार पुरेल. पहाटे पाच ते नऊ रस्ता बंद, विठ्ठलवाडी ते बदलापूर आणि परत. गिअरवाली आणि बिनगिअरची सायकल एकाच रेषेवर, नंबर हवे असतील त्यांना नंबर, बाकीच्यांना मुदत. जिल्ह्यातले तयारीचे सायकलपटू पुढे जातील, जाऊ देत. मागच्याला आपण कुणाच्या शर्यतीत होतो हे तर कळेल. कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर, दोन्ही महापालिकांनी मनावर घेतलं तर यात अवघड काय आहे? खड्डे आहेत, मान्य. निदान त्या निमित्ताने एका रस्त्याचे तरी बुजतील.

तोवर एक काम करू. तुमच्या घरात कुणी विमकोत, रेयॉनमध्ये, ऑर्डनन्समध्ये सायकलने जात होतं का? कुठून कुठे, किती वर्षं, आणि सायकल कोणती, हे खाली लिहा. नाव नको असेल तर नुसतं ‘आमचे आजोबा’ लिहिलंत तरी चालेल. किलोमीटरची बेरीज मी करतो.